टमरेलांची गॅलरी

"समदी टीम हितं येऊन बसलायसा? मग हलगीवाला बी बोलवायचा हुता की!"

दबक्या आवाजात ओरडणं आमच्या वस्तादांनाच जमायचं. आण्णा अतिग्रे वस्ताद. चिंचबाग तालमीची फुटबॉल टीम माझ्या जन्माआधीपासून त्यांच्या हाताखाली होती. जिना चढून त्यांना धाप लागली होती आणि त्या धापेतच ते आम्हाला झापत होते.

आम्ही दवाखान्याच्या जिन्यात बसलो होतो, एका पायरीवर दोघे-दोघे. सरावाला निघालो होतो ते तसेच इकडे आलो होतो. कुणाच्या पायात स्टॉकिंग होती, कुणाच्या गळ्यात नाडीनं बांधलेले बूट. वर दुसऱ्या मजल्यावर काचेच्या दाराआड आमचा गोलकीपर उमेश मिठारी नाकात नळी घालून पडला होता. दुपारी तो औषध प्यायला होता. आमच्याकडं औषध प्यायला म्हटलं, की कसलं औषध, हे कुणी विचारत नाही.

मी टीमचा कॅप्टन, इंद्रजित साळोखे. उमेशच्या आणि माझ्या घराची भिंत एकच. मालनकाकूंनी, म्हणजे त्याच्या आईनं, भिंतीवर लाटणं आपटलं तेव्हा मी बूट शोधत होतो. त्याला खांद्यावर टाकून रिक्षापर्यंत मीच आणलं म्हणे. म्हणे अशासाठी, की मला त्यातलं काही आठवत नाही. आठवते ती जिन्याची फरशी. पिवळट, काळे ठिपके असलेली. मी त्या ठिपक्यांकडं बघत होतो आणि मला काहीही वाटत नव्हतं. भीती नाही, रडू नाही, काही नाही. दाढ काढायच्या आधी डॉक्टर इंजेक्शन देतो आणि मग गाल आपला राहत नाही, तसा मी सगळाच झालो होतो.

"डॉक्टर काय म्हणालं?" वस्तादांनी विचारलं.

"उद्यापतूर काय सांगता येत न्हाई म्हणाले," जयसिंग म्हणाला. जयसिंग आमचा स्ट्रायकर. आठवड्यापूर्वी त्याचा घोटा मुरगळला होता आणि तो पाय लांब करून बसला होता.

वस्ताद आमच्या वरच्या पायरीवर बसले. "आता कान देऊन ऐका. हितनं भायेर एक शब्द जायचा न्हाई. घरात सांगायचं न्हाई, बायकूला न्हाई, आईला न्हाई. उम्या औषध प्याला हे पेठंत कळलं, तर लोक काय म्हणतील? खरंच मॅच विकली हुती, म्हणून प्याला, असंच म्हणतील. पोरगं मेलं तरी म्हणतील आणि जगलं तरी म्हणतील. जगलं तर त्येला ह्याच गल्लीत तोंड घिऊन ऱ्हायचंय."

हे खरं होतं. आधीच्या रविवारी एका किरकोळ टीमबरोबर आमची साखळीतली शेवटची मॅच होती; सेमीफायनल आधीच पक्की झाली होती. अगदी साधा, जमिनीवरून आलेला बॉल उमेशच्या दोन पायांमधून गोलात गेला. आम्ही हरलो. असे बॉल सगळ्यांचेच सुटतात. पण कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे नुसता खेळ नव्हे. तालमीची टीम हरली की त्या पेठेत दोन दिवस चूल नीट पेटत नाही. संध्याकाळपर्यंत कुणीतरी म्हणालं, मिठाऱ्याच्या पोरानं मॅच विकली. कोण म्हणालं, ते कधीच कळलं नाही. दुसऱ्या दिवशी उमेशच्या दारावर पुठ्ठा लटकत होता, 'गोलकीपर विकणे आहे'. तो दुसऱ्या पेठेतल्या कुणी लावला नव्हता. आमच्याच गल्लीतल्या पोरांनी लावला होता, गंमत म्हणून. उमेशनं तो काढला, घडी घातली आणि आत नेला. पुढचे दिवस तो कामावर जात होता, सरावालाही येत होता. बोलत तेवढा नव्हता.

"मॅचचं काय करायचं?" जयसिंगनं विचारलं. "शुक्रवारी सेमीफायनल हाय. नागझरीसंगं."

"पुढं ढकलून घेतो."

"काय सांगून?"

"पोरं आजारी हैत म्हणून."

"वस्ताद, परत?"

कुणीतरी नाकातून हसलं आणि लगेच गप्प झालं. मागच्या वर्षी नागझरीबरोबरच्याच मॅचच्या आधी आम्हाला सगळ्यांना कावीळ झाली होती. म्हणजे असोसिएशनला आम्ही तसं कळवलं होतं. खरं तर आमची अर्धी टीम जयसिंगच्या बहिणीच्या लग्नात पंगती वाढत होती. जिलेबी वाढतानाचा आमच्या कावीळवाल्यांचा फोटो नागझरीवाल्यांनी मिळवला आणि वर्षभर मिरवला. आता जयसिंगचा घोटा सुजलेला असताना आम्ही पुन्हा आजारी पडणार होतो. आमच्यावर विश्वास ठेवायला माणूस परगावचाच पाहिजे होता.

"आजार कुठला सांगायचा?" सदानं विचारलं. सदा राखीव गोलकीपर.

त्यावर आम्ही खरोखर चर्चा केली. वर एकजण मरायला टेकलेला, आणि खाली जिन्यात आम्ही आजार निवडत होतो. कुणी टायफॉईड म्हणालं, कुणी न्यूमोनिया. तालमीच्या पोरांना शोभतील असे मर्दानी आजार आम्ही शोधत होतो. शेवटी वस्ताद म्हणाले, "काय नाव सांगायचं न्हाई. आजारी म्हणजे आजारी."

वस्ताद काचेतून उमेशला बघायला वर गेले, तेवढ्यात वरून कुणीतरी उतरत आलं. "बाजूला व्हा रं, पोरांनो." आम्ही गुडघे वळवले. माझ्या ठिपक्यांवरून दोन पाय गेले. नव्या कोऱ्या चपलांचा करकर आवाज होत होता. हातात विसळलेली किटली असावी, कारण एक थेंब फरशीवर पडला. मी त्या थेंबाकडं बघत बसलो. वस्ताद माघारी आले आणि उम्या औषध प्याला हे भायेर जायचं न्हाई, असं त्यांनी पुन्हा एकदा बजावलं.

पोलिसांचा जबाब झाला. तो हवालदार विदर्भातला निघाला, त्याला फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं, हे आमचं नशीब.

दुसऱ्या दिवशी वस्तादांनी असोसिएशनला गाठलं. नागझरीनं खूप आरडाओरडा केला, पण मॅच पुढच्या आठवड्यात गेली. उमेश तसाच होता. मी दवाखान्यातून घरी अंघोळीला निघालो आणि चौकात चहाच्या गाड्यावर थांबलो.

"काय रं इंदर, कोण सिरीयस हाय?" गाडेवाल्यानंच विचारलं. "काल तुमची समदी टीम दवाखान्यात बघितली म्हणं कुणीतरी."

"कोण न्हाई," मी म्हणालो.

"मग कशाला गेलतासा?"

"असंच."

"असंच कोण दवाखान्यात जातंय, लगा? आणि मिठाऱ्याच्या घराला कुलूप कसं काय?"

मी चहा तसाच ठेवला आणि निघालो. पाठीमागं कुणीतरी म्हणालं, कायतरी मोठं झालंय बघ. माझ्या पाठीला ते ऐकू आलं, मला आलं नाही. मी घरी जाऊन अंघोळ केली, डोक्याला तेल लावलं, भांग पाडला. हे सगळं कशासाठी करतोय, असा प्रश्नही पडला नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जयसिंग लंगडत दवाखान्यात आला. त्याचा चेहरा लालबुंद होता. "चल माझ्यासंगं. हारुण मामूनं काय लिवलंय ते बघ."

हारुण शिकलगार हे नागझरी तालमीचं तोंड. नागझरी चौकात त्यांचं सुऱ्या-कात्र्यांना धार लावायचं दुकान होतं. जिभेला मात्र त्यांना कधी धार लावावी लागली नाही. नागझरीची मॅच असली की गॅलरीत पहिल्या रांगेत बसून ते समोरच्या टीमची सालं काढायचे. दुकानाबाहेर एक काळा फळा होता. त्यावर रोज काहीतरी नवं असायचं आणि ते वाचायला दोन-दोन पेठांतली माणसं वाकडी वाट करून यायची. आज तिथं सायकली आडव्या टाकून गर्दी उभी होती.

फळ्यावर सुरेख अक्षरात लिहिलं होतं:

'कळविण्यास आनंद होतो की, चिंचबाग तालमीच्या सर्व खेळाडूंना एकाच वेळी जुलाब लागल्यामुळे सेमीफायनल पुढे ढकलण्यात आली आहे. दवाखान्यात सलाईन आणि तालमीत टमरेले कमी पडत आहेत. दात्यांनी आपली टमरेले या दुकानात आणून द्यावीत. मागच्या मॅचला गोलकीपरने बॉल का सोडला, याचाही आता उलगडा झाला आहे. बिचाऱ्याला तेव्हाच कळ आली होती.'

लोक पोट धरून हसत होते. एकजण तर भिंतीला टेकून खाली बसला. माझी ओळख पटल्यावर हसणं आणखी वाढलं. "कॅप्टन, पळ लगा, आडोसा तिकडं हाय!"

दुकानात मामू चाकावर सुरी धरून बसले होते. ठिणग्या उडत होत्या. त्यांनी वर बघितलं, मला बघितलं आणि पुन्हा सुरीकडं बघायला लागले. तोंडावरची रेघ हलली नाही.

जयसिंगला मीच ओढत माघारी नेलं. त्या शेवटच्या ओळी माझ्या डोळ्यांपुढून जाईनात. उमेश तिथं नळ्या लावून पडलाय आणि त्याच्यावरच नेम धरला होता. मला राग यायला हवा होता. राग आलाय हे मला समजत होतं, पण तो कुठंतरी शेजारच्या खोलीत असावा तसा होता.

दुपारपर्यंत गावभर झालं. तालमीच्या दारात एक टमरेल आलं, संध्याकाळपर्यंत त्यांची रांग झाली. निळी, लाल, एक तर ॲल्युमिनियमचं, पोचे आलेलं. आमच्याच गल्लीतल्या बायका आम्हाला बघून पदर तोंडाला लावायला लागल्या. चहाच्या गाड्यावर मला फुकट लिंबूसरबत मिळालं, मीठ जास्त घालून. मिठाऱ्यांच्या घराला कुलूप का, हे त्यानंतर कुणी विचारलं नाही. पण ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

उमेश शुद्धीवर आला. डॉक्टर म्हणाले, वाचला. मालनकाकू खुर्चीतच मटकन बसल्या. उमेश कुणाशी बोलला नाही. छताकडं बघत राहिला. मी त्याच्याजवळ बसायचो आणि तोही आणि मीही छताकडं बघायचो.

"भायेर लोक काय म्हणत्यात रं, इंदर?" काकूंनी मला व्हरांड्यात गाठून विचारलं. त्या भीतीनं अर्ध्या झाल्या होत्या.

"जुलाब लागलेत म्हणत्यात."

"कुणाला?"

"समद्यांना. टीमला."

काकूंनी पदर तोंडावर धरला. त्या हसत होत्या की रडत होत्या, ते मला कळलं नाही. मी विचारलंही नाही.

पुढच्या आठवड्यात मॅच झाली. आम्ही मैदानात उतरलो आणि समोरची अख्खी गॅलरी उठून उभी राहिली. प्रत्येकाच्या हातात टमरेल. हारुण मामू पहिल्या रांगेत, गळ्यात टमरेलांची माळ. त्यांनी हात वर केला आणि सुरू झालं:

"आली कळ, आली कळ! चिंचबागे, पळ पळ!"

टमरेलांवर टमरेलं आपटून ताल धरला होता. आमच्या बाजूची माणसंही हसत होती, हे मी बघितलं. उमेशच्या जागी सदा उभा होता. मामू त्याला ओरडून म्हणाले, "ह्यो नवा हाय का? जुना अजून आतच बसलाय व्हय?" पुन्हा हशा. मी बॉल मारत होतो, अडवत होतो, पडत होतो. गुडघा फुटला तेही नंतर समजलं. आम्ही तीन गोलनं हरलो.

मॅच संपल्यावर मी कुणाशी न बोलता सरळ बाहेर गेलो. सायकल स्टँडच्या मागं मामू एकटेच टमरेलं पोत्यात भरत होते. मी त्यांची कॉलर धरली. माझ्यापेक्षा तीस वर्षांनी मोठा माणूस.

"मामू, लाज वाटत न्हाई तुम्हाला?"

त्यांनी हात सोडवला नाही. आजूबाजूला बघितलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "पोरगं कायतर खायाला लागलं का?"

"कोण पोरगं?"

"मिठाऱ्याचं."

माझा हात कॉलरवर तसाच राहिला. काढायचं सुचलं नाही.

"गार दूध द्या म्हणावं," मामू म्हणाले. "घसा सोलल्यागत झाला असंल त्येचा. तिखट देऊ नगासा एवढ्यात."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कोण सांगतंय? माझी थोरली तिसऱ्या मजल्यावर बाळंतीण हुती. च्या आणायला उतरालतो. जिन्यात समदी चिंचबाग बसलेली. बाजूला व्हा म्हटलं, तर झालासा. नागझरीच्या हारुणला बघून एका बी पोरानं शिवी दिली न्हाई. तवाच समजलं, कायतरी लई वाईट झालंय." त्यांनी पायानं पोतं सारखं केलं. चपला करकरल्या. "मग खालच्या वळणावर थांबून वस्तादाचं बोलणं ऐकलं. ते काय मी बरं केलं न्हाई."

"आणि मग... हे?"

"दुसऱ्या दिवशी दुकानावर जो तो तेच इचाराय लागला. दवाखान्यात कोण हाय, मिठाऱ्याचं कुलूप का. एकजण तर निघालाच हुता बघायला. तुम्ही तोंडं शिवून बसलासा. लोक काय गप बसत्यात? टायफॉईड म्हटलं असतं तर संत्री घिऊन आले असते. जुलाब झालेल्याला बघायला कोण जातंय, मर्दा?"

मामूंनी हातातलं टमरेल पोत्यात टाकलं.

"त्या बॉलचं बी मिटवायचं हुतं," ते म्हणाले. "विकला म्हणण्यापरास कळ आली हुती म्हटल्यालं बरं. हसतील, पर इसरतील." मग त्यांनी माझ्या खांद्यावरून मागं बघितलं. "सोड आता. माणसं यायलीत."

मी हात काढला. मामूंनी पोत्यातून एक निळं टमरेल काढलं, माझ्या हातात कोंबलं आणि खणखणीत आवाजात ओरडले, "काय इंद्रजितराव, परत कळ आली का? घिऊन जावा, तुमचंच हाय!"

येणारी माणसं खो खो हसली. मी टमरेल हातात धरून उभा होतो आणि तिथं मला रडू फुटलं. त्या जिन्यापासून आत अडकलेलं सगळंच्या सगळं बाहेर आलं. लोकांना वाटलं, हरल्याचं दुःख.

ते टमरेल मी उमेशच्या उशाशी नेऊन ठेवलं. तोपर्यंत तो घरी आला होता. त्यानं ते उलटंसुलटं करून बघितलं.

"हे काय?"

मी त्याला सांगितलं. फळा, माळ, गॅलरी, सगळं. मामूंनी मला काय विचारलं, तेवढं सोडून.

"म्हणजे लोकांना वाटतंय, मला जुलाब लागले हुते?" इतक्या दिवसांतलं त्याचं हे पहिलं मोठं वाक्य.

"तुला सगळ्यात जास्त. तू तर मॅचला बी उतरला न्हाईस."

तो भिंतीकडं तोंड करून झोपला. त्याचे खांदे हलत होते. मी काकूंसारखंच त्यालाही काही विचारलं नाही.

वस्ताद आता नाहीत, मामूही नाहीत. मामूंच्या मातीला मी गेलो होतो, तिथून आल्यावर उमेशला उरलेलं सांगितलं. हे लिही असं त्यानंच मला सांगितलं, नावं तेवढी बदल म्हणाला. 'विकणे आहे'चा पुठ्ठा त्यानं कधीच जाळला. टमरेल मात्र त्याच्या मोरीत कितीतरी वर्षं वापरात होतं.

पुढच्या हंगामात आमची पहिली मॅच नागझरीबरोबरच पडली. उमेश आदल्या दिवसापर्यंत खेळणार नाही म्हणत होता. वस्तादांनी काही समजूत घातली नाही, फक्त त्याचे ग्लोव्हज धुऊन त्याच्या दारात वाळत घातले. तो आला. मान खाली घालून मैदानात उतरला आणि गोलाकडं चालायला लागला. नागझरीची गॅलरी त्याच्या पाठीमागंच होती.

"आला रं आला!" हारुण मामूंचा आवाज आला. "एवढा वेळ लागतंय व्हय, लगा?"

शेकडो टमरेलं वर गेली. आली कळ, आली कळ. मी मधल्या रेषेवरून बघत होतो, आणि माझे पाय पुन्हा माझे राहिले नव्हते. उमेश थांबला. गॅलरीकडं पाठ करून तसाच उभा राहिला. मग वळला, आणि शाळेत बाईंना विचारायचो तशी त्यानं हात वर करून दोन बोटं दाखवली.

गॅलरी कोसळली. माणसं एकमेकांच्या अंगावर पडून हसत होती, आमची आणि त्यांची, सगळी. उमेशही हसत होता, ग्लोव्हजनं डोळे पुसत. हारुण मामूंनी मात्र टमरेल तोंडासमोर धरलं होतं, आणि मॅच सुरू झाली तरी ते खाली घेतलं नाही.